यंदा कप कुणाचा?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम पावसाच्या आधी संपतो. हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर सुरू झालेले सामने उन्हाळ्याच्या अखेरीस आटोपतात, मैदानाला विसावा मिळतो, आणि चार-पाच महिने एकमेकांकडे रोखून बघत फिरणारी पेठापेठांतली पोरं पुन्हा एकाच टपरीवर चहा प्यायला लागतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस ही नावं तोंडातून जरा मागे पडतात. दर चार वर्षांनी नेमक्या या मोकळ्या जागेत वर्ल्डकप येऊन बसतो. (2022 साली कतारच्या उन्हामुळे तो नोव्हेंबर-डिसेंबरात गेला होता. तेव्हा इथं ऐन हंगामाच्या तोंडावर दोन्ही वेडं एकत्र आली आणि डोकं कुठं लावावं हे कुणालाच समजेना.) पहिला सामना व्हायला महिना-दीड महिना असतानाच कुठल्याशा चौकात बांबू उभे राहतात, पाठोपाठ मेस्सी किंवा नेमारचा उंच कटआउट चढतो, समोरच्या गल्लीला तो खपत नाही, आणि मग हळूच तो प्रश्न फिरायला लागतो : यंदा कप कुणाचा?

हे दिवस मला प्रत्यक्ष स्पर्धेइतकेच, कधीकधी स्पर्धेहूनही प्रिय आहेत. एकदा चेंडू हलला की रोज कुणीतरी घरी जातं. त्याआधीच्या या आठवड्यांत मात्र कुणीच हरलेलं नसतं. वर्तमानपत्रात छापून आलेला गटांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, त्याच्या सगळ्या चौकटी कोऱ्या असतात, आणि त्या भरायचा अधिकार प्रत्येकाला सारखाच असतो. मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींचा मुलगा आणि युरोपातले सगळे सामने रात्रभर जागून बघणारा इंजिनिअर या तक्त्यापुढे एकाच पायरीवर उभे असतात. दोघांनाही उत्तर माहीत नाही, आणि दोघांनाही ते ठासून सांगायचं आहे.

ठासून सांगणं ही आमच्याकडची रीतच. इथल्या फुटबॉल संघांच्या नावात तालीम आहे, कारण ज्या तालमींत कुस्ती घुमली त्याच तालमींनी पुढे फुटबॉलला आसरा दिला. शाहू महाराजांच्या या गावात जोड लागली की बघणाऱ्यानं एक बाजू धरायची, हे अंगात मुरलेलं आहे. "दोघंबी चांगलं खेळत्यात" असं म्हणणाऱ्याला कट्ट्यावर फारसा मान नाही. बाजू घे, नाव घे, मग बोल. त्यामुळे वर्ल्डकपचा अंदाज सांगताना माणूस हवामानखात्यासारखा लांबून बोलत नाही. तो उठून एका संघाच्या मागे जाऊन उभा राहतो. पैज लागते ती मटणाची. हरणाऱ्यानं सगळ्यांना घालायचं, आणि ते घालताना जिंकणाऱ्याचं सगळं ऐकून घ्यायचं.

पण हा संघ धरला कशावरून? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो निवडलेला नाही, तो त्यांच्या वाट्याला आला आहे. आमच्या घरातली फाळणी एका रात्रीच्या अंतरानं झाली. 1986 चा वर्ल्डकप मेक्सिकोत होता. तिथं भर दुपारी बाराला सुरू होणारे सामने आपल्याकडे दूरदर्शनवर रात्री साडेअकराला लागायचे. 21 जूनला ब्राझील आणि फ्रान्स यांच्यात उपान्त्यपूर्व सामना झाला. झिकोची पेनल्टी गोलरक्षकानं अडवली, सामना 1-1 असा सुटला, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये सॉक्रेटिसचा फटकाही अडला. ब्राझील गेलं. इतकं देखणं खेळूनही माणसं हरतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि कायमचा त्या पिवळ्या जर्सीचा झालो. दुसऱ्या रात्री, 22 जूनला, अर्जेंटिना आणि इंग्लंड. मॅराडोनानं आधी हातानं गोल केला आणि चारच मिनिटांनी निम्मं मैदान एकट्यानं कापत जाऊन दुसरा केला. माझा थोरला भाऊ त्या रात्रीपासून अर्जेंटिनाचा. तेव्हापासून आमच्यात या बाबतीत तह झालेला नाही. त्याच्या मुलीनं मेस्सी घेतला, माझ्या भाच्यानं स्पेन उचललं, आणि आता सणाला सगळे जमलो की जेवणं झाल्यावर कप कुणाचा यावर अशी जुंपते की वहिनी ताटं घासून येतात तरी आमचा दुसरा गट चालूच असतो.

या चर्चेत पुरावे म्हणून काय काय पुढं येतं ते ऐकण्यासारखं असतं. कुणी पात्रता फेरीचे निकाल तोंडपाठ सांगतं. कुणी म्हणतं, गोलरक्षक बघा, कप गोलरक्षक आणतो. कुणी सोडत बघून मार्ग आखतं : गटात पहिला आला तर पुढं अमुक, दुसरा आला तर थेट तमुकच्या तोंडात. 2026 ला तर हे गणित आणखी वाढलं आहे. 48 संघ, चार-चारांचे 12 गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम आठ असे 32 पुढं जाणार, एकूण 104 सामने. 32 संघांच्या काळात वहीच्या एका पानात मावणारा मार्ग आता मावत नाही. माझा भाचा तिसऱ्या क्रमांकांच्या शक्यता मांडायला बसला की त्याच्या चेहऱ्यावर दहावीच्या परीक्षेत नव्हती एवढी एकाग्रता असते.

मला स्वतःला जुना हिशेब जास्त पटतो. 1930 पासून 2022 पर्यंत 22 स्पर्धा झाल्या आणि कप उचलला तो फक्त आठ देशांनी. ब्राझीलनं पाच वेळा, जर्मनी आणि इटलीनं चार-चार, अर्जेंटिनानं तीन, उरुग्वे आणि फ्रान्सनं दोन-दोन, इंग्लंड आणि स्पेननं एकेकदा. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेले देशसुद्धा तेराच. नेदरलँड्ससारखा संघ, ज्यानं खेळाची तऱ्हाच बदलली, तो तीन वेळा अंतिम सामन्यात जाऊन तिन्ही वेळा हरला. युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून कुणी अंतिम सामनाही खेळलेला नाही.

आणि तरीही एकेक सामना घेतला तर कुठलंही नाव सुरक्षित नाही. 1990 ला पहिल्याच दिवशी कॅमेरूननं मॅराडोनाच्या विजेत्या अर्जेंटिनाला हरवलं. 2002 ला पहिल्याच दिवशी सेनेगलनं विजेत्या फ्रान्सला हरवलं, आणि फ्रान्स एकही गोल न करता घरी गेलं. इटली 2010 ला, स्पेन 2014 ला, जर्मनी 2018 ला, आधीच्या वेळचे विजेते असून गटातच संपले. 2022 ला अर्जेंटिना 36 सामने अपराजित राहून कतारला आलं आणि 22 नोव्हेंबरला सौदी अरेबियाकडून 2-1 हरलं. त्या दुपारी भावाचा फोन लागत नव्हता. चार आठवड्यांनी, 18 डिसेंबरला, त्याच लुसैल मैदानावर मेस्सीनं कप उचलला.

म्हणजे ही स्पर्धा छोट्यांना दरवाजा उघडते, ओसरीवर बसवते, पण आतल्या खोलीत मात्र जुनीच माणसं. अंदाज करणाऱ्याची खरी ओढाताण इथं होते. डोकं म्हणतं, आठांतलं एक नाव घे. मन म्हणतं, मोरोक्को. 2022 ला मोरोक्कोनं स्पेन आणि पोर्तुगालला बाहेर काढलं आणि उपान्त्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला पहिला देश ठरला. त्या आठवड्यात कोल्हापुरात त्यांच्यासाठी ओरडणारे कितीतरी होते. आफ्रिकेतून आलेले खेळाडू इथल्या पेठांच्या संघांतून खेळून गेले आहेत, त्यांना खांद्यावर घेऊन लोक नाचले आहेत. त्यामुळे आफ्रिकेचा संघ मैदानात उतरला की इथल्या माणसाला तो अगदीच परका वाटत नाही. नव्या नावावर पैज लावणारा बहुधा मटण घालतो, हे खरं. पण मला तो माणूस कट्ट्यावर हवा असतो. तो नसेल तर पुढच्या शंभर वर्षांतही आठाचे नऊ होणार नाहीत असं मानून आपण सगळे उठून जाऊ.

अंदाजाची दुसरी बाजू मी 1950 च्या ब्राझीलकडून शिकलो, आणि ब्राझीलचा असल्यामुळे ती जरा जास्तच मनाला लागलेली आहे. त्या वेळी शेवटच्या फेरीत चार संघ साखळीत खेळत होते. ब्राझीलनं स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असं हरवलं होतं. उरुग्वेविरुद्ध बरोबरी झाली तरी कप त्यांचाच होता. 16 जुलैला रिओच्या नव्याकोऱ्या माराकाना मैदानात दोन लाखांच्या आसपास लोक जमले होते. संघाला विश्वविजेता म्हणणारं वर्तमानपत्र आधीच छापून विकलं गेलं होतं, आणि फिफाचे अध्यक्ष जूल रिमे यांच्याजवळ ब्राझीलच्या अभिनंदनाचं भाषण तयार होतं. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच ब्राझीलचा गोल झाला. मग स्कियाफिनोनं बरोबरी साधली, आणि 79 व्या मिनिटाला उजव्या बाजूनं आलेल्या गिजियानं दुसरा गोल केला. उरुग्वे 2-1.

या पराभवाचं ओझं गोलरक्षक बार्बोसाच्या डोक्यावर ठेवण्यात आलं आणि 2000 साली तो गेला तोवर कुणी ते उतरवलं नाही. देशानं स्वतःचा अंदाज वस्तुस्थिती समजून घेतला होता, आणि तो फसल्यावर दंड एका माणसाकडून वसूल केला. पांढरी जर्सी अपशकुनी ठरली. एका वर्तमानपत्रानं स्पर्धा घेऊन नवी रचना मागवली, आणि त्यातून पिवळा सदरा, निळी विजार असा वेश आला. आज आमच्या गल्लीत गॅलरीवर वाळणारा, सातासमुद्रापार असलेल्या पोरांनी अंगात घातलेला तो पिवळा रंग एका फसलेल्या खात्रीतून जन्मलेला आहे. त्या संध्याकाळी नऊ वर्षांच्या एका मुलानं रेडिओजवळ बसून रडणाऱ्या वडिलांना सांगितलं होतं, की मी तुमच्यासाठी कप आणीन. आठ वर्षांनी स्वीडनमध्ये, सतरा वर्षांचा असताना, पेलेनं तो आणला. वर्ल्डकपच्या इतिहासात खरा ठरलेला याहून मोठा अंदाज मला माहीत नाही.

त्याच पेलेनं 1994 च्या स्पर्धेआधी कोलंबियाचं नाव घेतलं होतं. त्यात काही चूक नव्हती. सप्टेंबर 1993 मध्ये कोलंबियानं अर्जेंटिनाला ब्युनोस आयर्समध्ये जाऊन 5-0 असं हरवलं होतं. अशा संघावर कुणीही पैज लावली असती. पण त्यांच्या मायदेशी ती पैज केवळ आशेची राहिली नव्हती. त्या काळात तिथल्या फुटबॉलभोवती अमली पदार्थांचा पैसा आणि सट्टा होता, आणि खेळाडूंना धमक्या येत होत्या. पहिला सामना रुमानियाकडून 3-1 हरले. दुसऱ्यात अमेरिकेविरुद्ध बचावपटू आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि तोही सामना गेला. 2 जुलै 1994 ला मेडेलिनमध्ये एस्कोबारला गोळ्या घालून ठार मारण्यात आलं. सत्तावीस वर्षांचा होता. कट्ट्यावरचा आवाज चढत जातो, "यंदा नाही जिंकलं तर तोंड दाखवू नका" अशी भाषा सुरू होते, तेव्हा मला दर वेळी हे नाव आठवतं. आमच्या मैदानावरही ईर्षा कधीकधी हाणामारीपर्यंत गेलेली आहे, सामने थांबलेले आहेत. अंदाज सांगणाऱ्याचं काही जायचं असेल तर एक जेवण जावं, एखाद्या रात्रीची झोप जावी. त्यापुढचं मागायचा हक्क प्रेक्षकाला नाही. हे मी भाच्याला सांगतो तेव्हा माझा आवाज जरा कडक होतो. होऊ दे.

अंदाज सांगणारी यंत्रं आणि प्राणी यांच्याबद्दल फार बोलावंसं वाटत नाही. 2010 ला जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना अचूक सांगितला. एका व्हिडिओ गेम कंपनीच्या संगणकानं 2010 पासून सलग चार विजेते बरोबर काढले. मुलांना त्याचं फार कौतुक, आणि करावंच. पण त्यांच्या बरोबर येण्यानं मला काही मिळत नाही. ऑक्टोपसला स्पेन हरलं असतं तर काय वाटलं असतं? ज्याचं काहीच पणाला लागलेलं नाही त्याच्याशी वाद घालण्यात जीव रमत नाही.

आपलं काय पणाला लागलेलं आहे, असं मात्र कुणी विचारलं तर मला थोडा वेळ लागतो. आपला देश या तक्त्यात नाही. 1950 ला जागा मिळाली होती, आपण गेलो नाही. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत खेळलेल्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो आशियातला पहिला खेळाडू. आणि 2026 च्या पात्रता फेरीत, 11 जून 2024 ला दोहामध्ये, कतारविरुद्ध आपण 1-0 असे पुढं असताना गोलरेषेच्या बाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारनं बरोबरी केली, पंचांनी गोल दिला, आणि आपण 2-1 हरून बाहेर पडलो. व्हिडिओ पंच त्या सामन्याला नव्हता. त्या रात्रीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मटणाच्या पैजेवर कितीही हसलो तरी खाली ही सल असते : आपण दुसऱ्यांची नावं एवढ्या जिवानं घेतो, कारण स्वतःचं घ्यायची वेळ येत नाही.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. 2021 च्या डिसेंबरात कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा बसवला, तेव्हा काही लोकांनी काळे झेंडे दाखवले. गोवा मुक्त होऊन त्याच महिन्यात साठ वर्षं झाली होती. पोर्तुगालच्या खेळाडूचा पुतळा का, ब्रुनो कुतिन्हो किंवा समीर नाईक यांचा का नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. आणि पोर्तुगालच्या सामन्याला लाल जर्सी घालून जागणारा मडगावचा मुलगाही मला समजतो. रोनाल्डोचं उडी मारून घेतलेलं हेडर बघताना त्याच्या डोळ्यांपुढे साम्राज्य नसतं. पुतळा मात्र आपल्या माणसाचा आधी हवा, यावर मी ठाम आहे. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये देशाकडून खेळला तेव्हा पेठापेठांतून सगळे एका बाजूला उभे राहिले होते. पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल सगळे. भारत तिन्ही सामने हरला, कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं आपला एकमेव गोल केला. कोण जिंकणार असं त्या तीन सामन्यांआधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. सगळ्यांचं एकच नाव होतं.

तर 2026. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, 11 जून ते 19 जुलै. भाच्याचं उत्तर ठरलेलं : स्पेन. 2024 चा युरो त्यांनी जिंकला. त्यांचा लामिन यमाल त्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सतरा वर्षांचा झाला होता, आता तर तो आणखी तयार झाला आहे. डोक्यानं बोलायचं तर भाच्याला उत्तर देणं अवघड आहे. भाऊ मेस्सीचं नाव घेतो. स्पर्धा चालू असतानाच, 24 जूनला, मेस्सी 39 चा होईल. ब्राझील तर दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीत पाचवं आलं, मार्च 2025 मध्ये अर्जेंटिनानं त्यांना 4-1 असं धुतलं, आणि त्यानंतर त्यांनी कार्लो अँचेलोटी या इटालियन माणसाला प्रशिक्षक म्हणून आणलं. गटात पहिलाच सामना मोरोक्कोशी आहे, आपल्याकडच्या पहाटे.

माझ्याकडे एकच पुरावा आहे. ब्राझीलनं 1970 ला कप घेतला आणि मग 24 वर्षं उपास काढून 1994 ला अमेरिकेत घेतला. त्यानंतर 2002. आता पुन्हा 24 वर्षं होतात, आणि स्पर्धा पुन्हा अमेरिकेत.

"मामा, ह्याला काय अर्थ हाय का?" भाचा म्हणाला.

"नसंल. लिहून घे, ब्राझील."

त्यानं वहीत लिहिलं. शेजारी भावाचं अर्जेंटिना, त्याच्या मुलीचंही तेच, स्वतःचं स्पेन, आणि त्याखाली वहिनींनी परवा भांडी लावता लावता सांगितलेलं मोरोक्को. मटण किती किलो, हे मात्र अजून ठरायचं आहे.